ऊसतोडीच्या फडावर कानाचं मशीन: एका तीन वर्षांच्या मुलाचं प्रकरण

बीड जिल्ह्यातल्या एका वाडीतला हा मुलगा दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर कोल्हापूर भागात ऊसतोडीला गेला, तेव्हा तीन वर्षांचा होता. दोन्ही कानांना मशीन लागून त्याला वर्षही झालं नव्हतं. टोळी परत येईपर्यंत पाच-सहा महिने तो आमच्या श्रवण केंद्रापासून तीनशे किलोमीटरच्या पुढे राहणार होता. त्या हंगामात त्याच्या मशीनचं प्रोग्रामिंग आणि देखभाल आम्ही बहुतांशी फोनवरून केली. त्याची ही नोंद आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं, कारखान्याचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही.

ऑडिओलॉजी शिकणाऱ्यांनी आणि जिल्हा पातळीवर लहान मुलांचं काम करणाऱ्यांनी ही नोंद वाचावी अशी इच्छा आहे. दूरस्थ श्रवणसेवेबद्दल बोलताना डोळ्यांसमोर एक घर, एक आई, एक वायफाय आणि ठरलेली वेळ असते. महाराष्ट्रात दर वर्षी लाखो माणसं कोयता घेऊन घर सोडतात. त्यांच्याबरोबर लेकरंही जातात, आणि त्यातल्या काहींना ऐकू येत नाही.

निदान कसं झालं

मुलगा दीड वर्षाचा होऊनही हाकेला वळत नाही, हे पहिल्यांदा अंगणवाडीताईंनी हेरलं. घरी "याचा मामाबी उशिरा बोलला" एवढ्यावर विषय मिटला होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने त्याला जिल्ह्याच्या केंद्रात पाठवलं, तिथून बेरा तपासणी झाली (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का, हे डोक्याला तारा लावून बघणारी तपासणी). दोन्ही कानांत आतल्या नसेच्या स्वरूपाचा दोष निघाला. खालच्या स्वरांना ५० डेसिबलच्या आसपास, वरच्या स्वरांना ७० च्या पुढे. म्हणजे ढोल, ट्रॅक्टर, मोठ्याने मारलेली हाक त्याला कळायची, पण बोलण्यातला 'स', 'श', 'त', 'क' हा भाग जवळजवळ हरवलेला. अशा मुलांना घरचे बरेच दिवस "ऐकू येतं, पण लक्ष देत नाही" असंच समजतात.

मशीन लागलं तेव्हा तो सव्वादोन वर्षांचा होता. बालश्रवणाच्या क्षेत्रात १-३-६ असा दंडक आहे: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत उपचार. ही घाई का, याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर ऑस्ट्रेलियातून मिळालं. तिथे नवजात बालकांची श्रवणचाचणी सगळ्या राज्यांत एकाच वेळी सुरू झाली नाही. त्यामुळे काही मुलांना मशीन अगदी लवकर लागलं, काहींना उशिरा, पण पुढची सेवा मात्र सगळ्यांना एकाच सरकारी संस्थेकडून मिळाली. नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजच्या टेरेसा चिंग आणि सहकाऱ्यांनी अशा साडेचारशेहून अधिक मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पाचव्या वर्षी दिसलं की मशीन जितकं लवकर, तितकी भाषा बरी, आणि दोष जितका जास्त तितका हा फरक मोठा. याच मुलांमध्ये मशीनने कोणता स्वर किती वाढवायचा हे ठरवणाऱ्या दोन सूत्रांची तुलनाही झाली होती, एक ऑस्ट्रेलियाचं आणि एक कॅनडाचं. भाषेच्या बाबतीत त्या दोहोंत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. सूत्र कोणतं यावर आम्ही तज्ज्ञ मंडळी तासन् तास वाद घालतो, आणि मूल मशीन घालतं की नाही हा प्रश्न आईवर सोडून देतो.

मूल वाढतं, कान वाढतो

पुढचं सगळं समजायला साच्याचं गणित माहीत हवं. कानामागच्या मशीनचा आवाज एका नळीतून सिलिकॉनच्या साच्यात येतो आणि साच्यातून कानात. लहान मुलाची कानाची नळी छोटी असते, त्यामुळे तेवढाच आवाज तिथे मोठ्या माणसाच्या कानापेक्षा बराच जास्त भरतो. म्हणून मुलांचं मशीन लावताना खऱ्या कानातली पातळी आणि तपासणीच्या २ सीसी पोकळीतली पातळी यांतला फरक मोजायचा असतो. त्याला आम्ही आरईसीडी म्हणतो. कॅनडात ओंटारियोच्या वेस्टर्न युनिव्हर्सिटीत रिचर्ड सीवाल्ड यांच्या गटाने १९८० च्या दशकापासून डीएसएल हे सूत्र, म्हणजे वर आलेलं कॅनडाचं सूत्र, उभं केलं ते याच पायावर. मूल वाढतं तसा हा फरक कमी होतो, म्हणजे कालची सेटिंग आज कमी पडते. आणि त्याच वेळी जुना साचा सैल होतो. सैल साच्यातून आवाज बाहेर गळतो, मशीनच्या माइकमध्ये परत शिरतो आणि शिट्टी वाजते. तीन वर्षांच्या मुलाचा साचा तीन ते सहा महिन्यांत बदलावा लागतो. आमच्या मुलाचा निघताना नवा केला होता, तरी तो हंगामभर पुरेल याची खात्री नव्हती.

निघताना काय दिलं

सरकारी योजनेतून मिळणाऱ्या मशीनला बहुधा ब्लूटूथ नसतं. या मुलाला एका दात्याच्या मदतीने ब्लूटूथची मशीनं मिळाली होती, म्हणून हा मार्ग सुचला. वडिलांच्या स्मार्टफोनवर कंपनीचं ॲप टाकलं. फोन मशीनशी जोडायचा, व्हिडिओ कॉल लावायचा, आणि आम्ही इथून आवाजाच्या पातळ्या बदलून मशीनमध्ये साठवायच्या. रेंज मध्येच गेली तर आधीची सेटिंग कायम राहते, त्यामुळे मशीन बिघडण्याची भीती नाही. सोबत नारंगी स्टिकरचे १३ नंबरचे सेल, साच्यात साचलेलं पाणी उडवायचा रबरी फुगा, ओल शोषणाऱ्या पुड्यांचा झाकणाचा डबा, आणि दोन्ही मशीनना दोरी लावून शर्टाला अडकवायची चिमटी दिली. सेलच्या दाराला कुलूप असलेलं मॉडेल मुद्दाम घेतलं होतं. गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो, आणि फडावरून दवाखाना जवळ नसतो.

आईला सहा आवाजांची चाचणी शिकवली. डॅनियल लिंग यांनी रूढ केलेली ही साधी तपासणी आहे: म्म, ऊ, आ, ई, श, स. 'म्म' आणि 'ऊ' खालच्या स्वरांत, 'स' सगळ्यात वर. यातला कोणता आवाज मुलाला ऐकू येत नाही त्यावरून मशीन कुठे कमी पडतंय याचा अंदाज येतो. ना उपकरण लागतं, ना खर्च.

पहिल्या महिन्यातली घसरण

मशीन रोज किती तास चालू होतं हे मशीन स्वतःच नोंदवतं. वाडीत असताना वापर रोज नऊ तासांच्या जवळ होता. अमेरिकेत आयोवा, नॉर्थ कॅरोलिना आणि ओमाहाचं बॉइज टाउन रुग्णालय यांनी मिळून केलेल्या अभ्यासात रोज दहा तास किंवा जास्त वापर असलेल्या मुलांची भाषा अधिक वेगाने वाढताना दिसली होती. त्यामुळे नऊ तास ही आमच्या दृष्टीने आशेची जागा होती. फडावर गेल्यावर ते तीन तासांच्या खाली आले.

आईला विचारलं तर "घालतोय की मॅडम, दिवसभर असतंय." पालक तास जास्त सांगतात हे त्याच अमेरिकन अभ्यासातही नोंदलं आहे. त्यांना खोटं बोलायचं नसतं. मशीन घातलेला क्षण लक्षात राहतो, काढून ठेवलेला वेळ नाही. म्हणून आकडा तोंडावर फेकायचा नाही हे आम्ही पाळलं. फक्त विचारलं, "ताई, तुम्ही पहाटे निघता तेव्हा तो काय करत असतो?"

तिथून सगळं उलगडलं. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे चारच्या सुमाराला अंधारात फडावर जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. मुलगा तेव्हा कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, झोपलेला. तो उठला की त्याच्याजवळ असते ती नऊ वर्षांची बहीण. तिला मशीन घालायला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं आम्हालाही सुचलं नव्हतं. घरात ती आहे हेच नोंदणीच्या कागदावर नव्हतं, कारण पालकांच्या रकान्यात बहिणीला जागा नसते. आई दुपारी येऊन मशीन घालायची, तेही भीत भीत. "हरवलं तर उचलीत अजून भर पडल," हे तिचे शब्द. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, फिटेपर्यंत प्रत्येक रुपया मोजलेला असतो, आणि मशीनची किंमत तिला आम्हीच सांगितली होती. म्हणून बराच वेळ ते पेटीत.

मशीन हरवलं तर पैसे भरावे लागणार नाहीत, हे दात्याकडून लिहून घेतलं आणि तो कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. वडिलांनी तो मुकादमालाही दाखवला. दूरस्थ सेवेच्या कुठल्याही नियमावलीत असा कागद नाही, पण त्या हंगामात आम्ही पाठवलेल्यातला सगळ्यात उपयोगी तोच ठरला असं मी मानते.

बहिणीबरोबरचं सत्र

मग सत्राची वेळ बदलली. फोन दुपारी कोपीत ठेवायचं ठरलं. चार्जिंग छोट्या सौर प्लेटवर. कोपीत रेंज धड नाही, म्हणून दोघं भावंडं पाटाच्या कडेला, मोरीजवळ येऊन बसायची.

हे सत्र इथे जरा सविस्तर सांगते. बहिणीने फोन दगडाला टेकवून उभा केला. भावाच्या पुढ्यात पितळी तांब्या आणि उसाची बारीक कांडकी. आवाज आला की एक कांडकं तांब्यात टाकायचं, हा खेळ. मुलाला तोंड दिसू नये म्हणून तिला त्याच्या मागे, हातभर अंतरावर बसायला सांगितलं. हात तोंडावर धरायचा नाही, आवाज दबतो. तिने "आ" म्हटलं, कांडकं तांब्यात. "ऊ", कांडकं. "म्म", थोडं थांबून कांडकं. "ई", "श" झालं. "स" म्हटल्यावर पोराचा हात तसाच. तिने पुन्हा म्हटलं, जरा जोरात, आणि तो 'सा' झाला. त्याबरोबर कांडकं पडलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मॅडम, हे खरं न्हाई. मी 'आ' लावला म्हणून टाकलं त्यानं." दोन-तीन मिनिटांच्या सरावावर नऊ वर्षांच्या मुलीने चाचणीतली ही चूक ओळखली. पुढे त्या टोळीतली आमची सगळ्यात भरवशाची तपासनीस तीच होती.

कोपीबद्दल एक सांगायला हवं. बांबू आणि पाचटाच्या त्या भिंती आवाज शोषून घेतात, घुमवत नाहीत. ऐकायला शिकणाऱ्या मुलासाठी पत्र्याच्या छपराच्या, बोडक्या भिंतींच्या शाळाखोलीपेक्षा ती जागा बरी असते. त्रास असतो तो वाऱ्याचा आणि ट्रॅक्टरवरच्या स्पीकरचा. वाऱ्यासाठी मशीनमधली वारा दाबण्याची सोय चालू केली. स्पीकरच्या गाण्यांसाठी आवाजाची कमाल मर्यादा पुन्हा तपासली, कारण मोठ्या आवाजाला मूल एकदा दचकलं की मशीन उपटून फेकतं.

शिट्टी आणि सोपी वाट

पौषात तक्रार आली. आईचाच आवाज, रेकॉर्ड करून पाठवलेला: "मॅडम, डाव्या कानाचं मिशन लई शिट्टी मारायलंय. मांडीवर घेतलं की वाजायलंय. बायका हसायल्यात."

शिट्टी थांबवण्याची सोपी वाट आमच्या हातात होती. वरच्या स्वरांची पातळी इथे बसून पाचेक डेसिबलने खाली आणली की शिट्टी बंद, आई खूश, वापराचे तास वर, आणि अहवालात "समस्या फोनवर सोडवली" अशी ओळ. पण वरच्या स्वरांतच या मुलाला सगळ्यात जास्त मदत हवी होती. जो 'स' त्याला आधीच पुरता मिळत नव्हता, तोच आम्ही काढून घेतला असता, आणि हे कुणालाच कळलं नसतं. मराठीत 'स' गेला तर 'आईस', 'दादास' यातलं कोणी कोणास हेच मुलाच्या कानावर पडत नाही. 'बस', 'ऊस', 'कणीस' सगळी शेपूट तुटलेली. दूरस्थ सेवेतला मोठा धोका मला इथे दिसतो. बटणाने जे करता येतं ते करून मोकळं व्हावंसं वाटतं, आणि ज्याला हात लागतो ते मागे पडतं.

आम्ही दोन गोष्टी केल्या. ॲपमधून शिट्टीची चाचणी दोन्ही कानांवर पुन्हा चालवली आणि फक्त डाव्या मशीनमध्ये, फक्त शिट्टी जिथे उठत होती त्या पट्ट्यात पातळी तात्पुरती कमी केली. फाइलवर लाल अक्षरात लिहिलं: ही सेटिंग नवा साचा येईपर्यंतच. उजवा कान तसाच ठेवला. आणि नव्या साच्याच्या मागे लागलो.

साच्याचं माप फोनवर घेता येत नाही. कानात आधी कापसाचा अडसर ठेवून सिलिकॉनची लुगदी भरावी लागते, आणि ती भरण्याआधी कान आतून बघावा लागतो. कुटुंबाने शहरात जायचं तर खाडा. खाड्याचे पैसे कापले जातात, आणि एका माणसाने जायचं म्हटलं तरी कोयता मोडतो. तेव्हा जवळच्या शहरातल्या ओळखीच्या ऑडिओलॉजिस्टला विनंती केली. ती रविवारी सामान घेऊन स्वतः फडावर गेली. एका माणसाचं येणं-जाणं हे अख्ख्या घराच्या खाड्यापेक्षा स्वस्त पडलं. हा हिशेब आपल्या योजनांमध्ये कुठेच धरलेला नसतो. प्रवास रुग्णाने करायचा हे गृहीतच असतं.

तिने कान बघितला आणि व्हिडिओवर आम्हालाही दाखवला. डावा साचा सैल होताच, पण कानात मळाचा घट्ट बोळाही होता. मळावर आदळून आवाज परत फिरतो आणि शिट्टी त्यानेही वाजते. आमच्या पडद्यावर मशीनची प्रत्येक पातळी दिसत होती, मळ दिसत नव्हता. तालुक्याच्या दवाखान्यात थेंब लिहून घेऊन, कान साफ झाल्यावर तिने पुन्हा येऊन माप घेतलं. साचे तयार होऊन एसटीच्या पार्सलने आले आणि स्टँडवरून फडापर्यंत ट्रॅक्टरवाल्या दादांनी पोचवले. नळी मापाला कापून बसवायचं काम वडिलांनी व्हिडिओ कॉलवर केलं. कोयत्याने राठ झालेल्या त्या हातांनी ती बारीक नळी पहिल्याच खेपेला बरोबर तिरपी कापली. मग डाव्या मशीनची पातळी आम्ही मूळ जागी आणली, आणि वाढत्या वयाचा आरईसीडी धरून दोन्हीकडे वरच्या स्वरांत किंचित भर घातली. खरं माप घेणं अर्थातच टोळी परत आल्यावर.

दुसरीकडे काय चाललंय

डीएसएलच्या त्याच ओंटारियोमध्ये डॅनिएल ग्लिस्टा आणि सहकारी मुलांच्या मशीनची दूरून जुळणी कशी करावी यावर काम करतात. तिथली घरं, तिथली रेंज, तिथला पालक वेगळा. आमच्या परिस्थितीला जवळचं उदाहरण चेन्नईचं वाटतं. श्री रामचंद्र संस्थेच्या विद्या रामकुमार आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूच्या ग्रामीण भागात गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना बालकांची श्रवणचाचणी शिकवली, आणि पुढची बेरा तपासणी गाडीतल्या यंत्रावर, शहरातल्या तज्ज्ञाने दूरून केली. यात तज्ज्ञ दूर आहे, पण मुलाजवळ शिकवलेला हात आहे. आमच्याकडे तो हात नऊ वर्षांच्या मुलीचा होता, आणि यावर मला समाधान वाटत नाही.

हंगामाच्या शेवटी

चैत्रात टोळी परतली. वापर रोज आठ तासांच्या आसपास आला होता. केंद्रात साउंडप्रूफ खोलीत तपासलं तेव्हा दोन्ही मशीन घालून त्याने 'स' हातभर अंतरावरून ओळखला, तीन मीटरवरून नाही. कानात बारीक नळी (प्रोब) घालून माप घेतल्यावर फोनवर घातलेली भर उजव्या कानाला बरोबर निघाली, डाव्याला थोडी कमी, ती वाढवली. "ऊस दे", "गाडी आली", "ताई ये" अशी दोन शब्दांची वाक्यं तो आपणहून बोलत होता. साडेतीन वर्षांच्या मुलाला याहून बरंच जास्त यायला हवं. भाषा साधारण दोन वर्षांच्या मुलाएवढी आहे. घसरण थांबली, अंतर तसंच आहे.

बहिणीचं काय, हा प्रश्न आम्ही घरच्यांशी बोललो. ऊसतोड मजुरांच्या मुलांनी गावात राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय आहे, आणि ती मुलगी तिथे असायला हवी होती. भावाला सांभाळायला म्हणून ती फडावर गेली, आणि आमची सेवा तिच्याच जिवावर चालली. पुढच्या हंगामासाठी दोन पर्याय पुढे आहेत. मुलाने आजीजवळ राहून अंगणवाडीत जायचं, म्हणजे अंगणवाडीताई रोज मशीन बघतील आणि केंद्रही जवळ राहील, पण ऐन भाषा शिकायच्या वयात सहा महिने आईचा आवाज तुटेल. नाहीतर मुलाने फडावर जायचं, बहिणीने शाळेत, आणि टोळीतल्या मागे राहणाऱ्या एखाद्या बाईला मानधन देऊन मशीनचं काम शिकवायचं. मी दुसऱ्याच्या बाजूची आहे. मानधन कुठून द्यायचं ते अजून ठरलेलं नाही. आजी पहिल्याच्या बाजूने आहे. "लेकरू हितंच ऱ्हाऊ द्या, मी घालते मिशन," असं म्हणत तिने सेल बदलायला शिकून घेतलं आहे. वडिलांनी पुढच्या वर्षाची उचल घेतली आहे. पोळ्यापर्यंत निर्णय व्हायला हवा, कारण कुठेही राहिला तरी निघण्याआधी साच्याचं नवं माप आणि पुन्हा एकदा आरईसीडी घ्यायचा आहे.